बाटलीवरचं नाव आणि बाटलीतला वास: सुगंध विकत घेण्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास

"पहिल्या पगारात कुठला परफ्यूम घेऊ?", "दीडशे रुपयांत शुद्ध गुलाबाचं अत्तर मिळतंय, घेऊ का?" असे प्रश्न तुम्ही सारखे विचारता. मी काही परफ्यूमची परीक्षणं करणारी बाई नाही, मी इतिहास सांगते. पण गंमत अशी, की या प्रश्नांची बरीचशी उत्तरं इतिहासातच आहेत. कारण सुगंध ही फार जुनी फसवणुकीची वस्तू आहे. कापड हाताला लागतं, सोनं कसोटीवर घासता येतं. वास मात्र हवेत उडून जातो आणि पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात राहतात.

चंदन पारखायचं कसं? कौटिल्याला विचारा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात येणारा माल कसा तपासायचा, यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात रत्नांच्या जोडीला चंदन आणि अगरू आहेत. चंदनाचे प्रकार गावांच्या, प्रदेशांच्या नावांनी दिलेत, प्रत्येकाचा रंग आणि वास वेगळा सांगितलाय. आणि मग चांगल्या चंदनाची लक्षणं: हलकं, तुपासारखं स्निग्ध, वास सौम्य, त्वचेत मुरणारं, रंग-वास टिकवणारं, उष्णता सोसणारं.

नीट बघा, यात 'वास जोरदार हवा' असं कुठेच नाही. उलट सौम्य हवा आणि टिकाऊ हवा. आज दुकानात झाकण उघडल्या उघडल्या जो भपकारा येतो आणि आपण "वा!" म्हणतो, त्यावर कौटिल्याचा कोठारप्रमुख भाळला नसता. त्यानं आधी अंगाला लावून बघितलं असतं.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिर आला. त्याच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' नावाचा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून कुठलीही चार निवडली तर किती सुगंध होतील, हे तो सांगतो: १,८२०. त्या चारांचं प्रमाण एक, दोन, तीन, चार भाग असं आलटूनपालटून बदललं तर प्रत्येक निवडीचे २४ प्रकार, म्हणजे एकूण ४३,६८०. अकरावीत शिकलेलं कॉम्बिनेशन इथे चक्क अत्तरासाठी वापरलंय! आपल्यासाठी मुद्दा हा, की एकाच नावाखाली, त्याच चार वस्तू वापरूनसुद्धा, वास वेगवेगळे होऊ शकतात. 'चंदन', 'गुलाब', 'ऊद' हे शब्द म्हणजे रेसिपी नव्हे.

गुलाबाचा हिशोब

आता मुघल दरबारात जाऊ. जहांगीर आपल्या आठवणींमध्ये गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला देतो. गुलाबपाणी करताना गरम पाण्यावर तेलकट साय धरायची, ती तिनं थोडी थोडी करून गोळा केली. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला की सगळी बैठक दरवळायची. बादशहानं खूश होऊन तिला मोत्यांचा कंठा दिला आणि अत्तराला नाव मिळालं 'इत्र-इ-जहांगिरी'.

ही साय 'थोडी थोडी' का गोळा करावी लागली? कारण गुलाबात तेल फारच कमी असतं. एक किलो तेलाला साधारण ३ ते ५ टन पाकळ्या लागतात. आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. समजा, फूल अगदी स्वस्त, ५० रुपये किलोनं मिळालं. चार हजार किलो फुलांचे झाले दोन लाख रुपये. म्हणजे दहा ग्रॅम तेलात नुसत्या फुलांचेच दोन हजार रुपये. सरपण, मजुरी, भाडं, नफा वेगळंच. मग दीडशे रुपयांच्या दहा मिलीच्या बाटलीत काय असेल? वास छान असू शकतो. पण 'शुद्ध गुलाब' असू शकत नाही. एवढा एक हिशोब लक्षात ठेवलात तरी आजचा भाग वसूल.

कनौज: रूह, अत्तर आणि चंदनाचं दुखणं

उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही जुन्या पद्धतीनं अत्तर निघतं. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीनं लिंपलेलं, खाली लाकडाचा जाळ. डेगेतून बांबूची नळी निघते ती पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भांड्यात. त्या भांड्याला म्हणतात भपका. मराठीत 'भपका' म्हणजे दिखावा, आणि इथे मात्र सगळं खरं काम भपक्यातच होतं! त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलांची वाफ त्यात येऊन थंड होते आणि सुगंध चंदनात मुरतो. नंतर अत्तर चामड्याच्या कुप्पीत ठेवतात, उरलेलं पाणी चामड्यातून हळूहळू उडून जातं. पहिल्या पावसाच्या वासाचं 'मिट्टी अत्तर' निघतं ते याच डेगेत, भाजलेल्या मातीपासून. कनौजच्या या सुगंधाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

इथे दोन शब्द शिकून घ्या. चंदनाच्या किंवा दुसऱ्या तेलात उतरवलेलं ते अत्तर. आणि कशातही न मिसळलेला नुसता फुलाचा किंवा मुळाचा अर्क ती रूह, जसं रूह गुलाब, रूह खस, म्हणजे आपला वाळा. रूह साहजिकच कितीतरी महाग.

मग अडलं कुठे? चंदनापाशी. टिपू सुलताननं १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवलं. झाड कुणाच्याही जमिनीत असो, मालकी सरकारची. हे सरकारी नियंत्रण दक्षिणेत थेट या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. झाड आपलं नाही तर शेतकरी ते लावेल कशाला? त्यात तस्करी, वीरप्पनचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. चंदन दुर्मिळ झालं, तेलाचे भाव चढले आणि बाजारात चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त, बिनवासाची द्रव्यं आली. बाटलीवर नाव मात्र तेच राहिलं. यात गिऱ्हाईक फसतं हे खरंच, पण त्याहून जास्त मरण होतं ते खऱ्या चंदनावर अत्तर उतरवणाऱ्या कारागिराचं. त्याचा माल 'महाग' ठरतो, कारण शेजारच्या बाटलीवर तोच शब्द छापलेला असतो.

'असली कस्तुरी' म्हणणाऱ्यापासून लांब

अबुल फजलनं आईन-इ-अकबरीत सुगंधी द्रव्यांचे भाव दिलेत आणि लोभी लोक अंबरमध्ये मेण मिसळतात, अशी नोंदही केलीय. म्हणजे भेसळ तेव्हाही होती. आज मात्र गोष्ट भेसळीच्या पुढे गेलीय. कस्तुरीमृग आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. अंबर, म्हणजे बातम्यांमधली ती 'व्हेल माशाची उलटी', तिचा व्यापारही भारतात बेकायदा आहे. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात अशा अटकेच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तेव्हा कुणी "ताई, असली कस्तुरी आहे" म्हणाला, तर तो एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय. दोन्हीकडे पैसे तुमचेच.

आणि कृत्रिम म्हणजे वाईट, असंही नाही हं. विल्यम पर्किननं १८६८ साली कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं. १८८८ साली अल्बर्ट बाउर स्फोटकांवर काम करत होता आणि हाती लागली कृत्रिम कस्तुरी! त्यामुळे कितीतरी हरणं वाचली आणि सुगंध राजवाड्यातून चाळीत आला. माझा आक्षेप कृत्रिम वासाला नाही, त्यावर 'नैसर्गिक' लिहिण्याला आहे.

डुप्लिकेटचा बाप

नकली ब्रँड ही काही ऑनलाइन सेलची देणगी नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन माणसाचा धंदा १७०९ साली सुरू झाला. त्याचं सुगंधी पाणी 'ओ द कोलोन' म्हणून युरोपभर गाजलं. १८०३ साली विल्हेल्म म्युलहेन्स या व्यापाऱ्यानं काय करावं? त्याच आडनावाचा, पण त्या घराण्याशी काही संबंध नसलेला एक फारिना शोधला, त्याच्याकडून नाव वापरायचा हक्क घेतला आणि पुढे तो हक्क इतरांनाही विकला! कोर्टकचेऱ्या कित्येक दशकं चालल्या. शेवटी १८८१ मध्ये म्युलहेन्सच्या नातवानं आपल्या घराचा नंबर ब्रँडचं नाव म्हणून लावला: ४७११. तो ब्रँड आजही विकला जातो.

यातून मी एक फरक शिकले. दुसऱ्याच्या वासासारखा वास स्वतःच्या नावानं विकणारा वेगळा आणि दुसऱ्याचं नाव चिकटवून विकणारा वेगळा. पहिल्याकडून घ्यायला लाज कसली? दुसऱ्याच्या बाटलीत काय आहे आणि ते अंगाला सोसेल का, हे सांगायला कुणीच नसतं.

मग घ्यायचं कसं?

आपल्याकडे समारंभात अत्तर लावायचे ते मनगटावर किंवा तळहाताच्या मागे. अत्तर-गुलाब, पानसुपारी झाली की सभा संपायची, आणि वास माणसाबरोबर घरी जायचा. खरेदीची रीत हीच ठेवा. कागदाच्या पट्टीवर नाही, मनगटावर लावा आणि दुकानातून बाहेर पडा. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास पंधरा-वीस मिनिटांत उडतात. खाली जे उरतं त्याच्याबरोबर तुम्हाला दिवस काढायचाय. दोन-तीन तासांनी आवडलं, खाज आली नाही, तर परत जा. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकतं.

बाटलीवर 'ओ द तॉयलेत' असेल तर सुगंधी द्रव्य कमी, 'ओ द पारफँ' असेल तर साधारणपणे जास्त. पण प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं, म्हणून त्या शब्दावरही डोळे मिटून विश्वास नको.

आणि किंमत बाटलीची नाही, दिवसाची काढा. दोन हजारांची १०० मिलीची बाटली, एका फवाऱ्यात ०.१ मिली, रोज चार फवारे: २५० दिवस, म्हणजे रोजचे आठ रुपये. तीनशेचं सहा मिली अत्तर, मिलीला वीस थेंब, रोज दोन थेंब: ६० दिवस, रोजचे पाच रुपये. मोठी बाटली घेण्याआधी तीन मिलीची कुपी मागा. चांगला अत्तरवाला नाही म्हणत नाही.

शेवटी त्याला एकच प्रश्न विचारा: "यात बेस कशाचा आहे?" जो सरळ सांगतो, "चंदन नाही, पॅराफिन आहे, म्हणून स्वस्त आहे," त्याच्याकडून बिनधास्त घ्या.

तुमच्या गावात असा अत्तरवाला असेल तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!