सर्व्हरवरच्या डेमनांची राखण

सर्व्हरवर कुणी आज्ञा देण्याची वाट न पाहता मागच्या मागे काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला डेमन म्हणतात. हे नाव १९६३च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये रुळले. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने आयबीएम ७०९४ संगणकावर लिहिलेला असा पहिला प्रोग्राम फाइलींच्या प्रती आपोआप टेपवर उतरवून ठेवत असे.

पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली घडली. तिच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीतला क्रॉन हा डेमन दर मिनिटाला जागा होऊन ठरल्या वेळी करायच्या कामांची एक यादी वाचायचा. यादीतल्या ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने असत: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ३०, २ आणि पुढे तीन तारका म्हणजे रोज रात्री अडीच वाजता. ही यादी साऱ्या यंत्राला मिळून एकच होती आणि तिच्यातले प्रत्येक काम मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चाले. १९८७मध्ये पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेल्या क्रॉनमध्ये प्रत्येक वापरकर्त्याची यादी वेगळी होती. लिनक्सवर तोच सर्वदूर पसरला.

ठरल्या वेळी सुरू होऊन संपणाऱ्या कामांना क्रॉन पुरेसा होता. अखंड चालणाऱ्या सेवेची अडचण वेगळी होती. टर्मिनल बंद झाले की त्यावरून सुरू केलेला प्रोग्रामही बंद पडे. म्हणून प्रोग्राम स्वतःची प्रत काढून मूळ प्रोसेस संपवी, टर्मिनलशी संबंध तोडी आणि पोरक्या झालेल्या त्या प्रतीचे पालकत्व 'इनिट' या पहिल्या प्रोसेसकडे जाई. युक्ती नामी होती, पण तिची किंमतही मोठी होती: जिने सेवा सुरू केली, त्या स्क्रिप्टला तिचा पत्ताच उरत नसे. म्हणून डेमन आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवी. तो अचानक मेला की फाइल तशीच राही, कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्या प्रोसेसला मिळे आणि 'सेवा थांबवा' म्हटल्यावर भलतीच प्रोसेस मारली जाई.

डॅनियल बर्नस्टाइन यांच्या 'डेमनटूल्स'ने ही रीतच उलटवली. सेवेने कुठेही निसटू नये, राखणदार प्रोसेसचे अपत्य म्हणूनच चालावे. ती मेली की राखणदाराला तत्काळ कळते आणि तो तिला पुन्हा उभी करतो. या क्षेत्रातला सर्वांत शहाणपणाचा बदल हाच म्हणावा लागेल.

लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१०मध्ये आणलेल्या सिस्टमडीने राखणीचे हे काम थेट पहिल्या प्रोसेसकडे दिले. सेवेतून फुटलेली प्रत्येक प्रोसेस लिनक्स कर्नलच्या सीग्रुप सोयीमुळे एकाच गटात मोजली जाते. निसटायला वाव नाही. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०११मध्ये, तर डेबियन या दुसऱ्या वितरणाने कडाक्याच्या वादानंतर २०१५मध्ये सिस्टमडी स्वीकारली. आता सेवेसाठी छोटी फाइल पुरते: कोणता प्रोग्राम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने, मेल्यास पुन्हा सुरू करायचा की नाही. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊनही सेवा टिकली नाही, तर वेगळी सूचना नसल्यास सिस्टमडी तिचा नाद सोडते.

सेवा विदा प्रक्रियेची असेल तर एक जबाबदारी मात्र प्रोग्रामचीच राहते. निम्म्या नोंदी हाताळून तो मेला, तर पुन्हा सुरू झाल्यावर त्याच नोंदी दुसऱ्यांदा हाताळल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून निकाल आणि 'इथवर काम झाले' ही खूण डेटाबेसमध्ये एकाच व्यवहारात लिहितात. दोन्ही गोष्टी नोंदल्या जातात किंवा एकही नाही.