मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी मुकी : १२ व्होल्टची कहाणी

१. कैलास लेणे पाहून, घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन आपण वेरूळच्या वाहनतळावर परतता. गाडी विजेवर चालणारी, सकाळीच पूर्ण चार्ज केलेली. संभाजीनगर जेमतेम ३० किलोमीटरवर. तरीही दार उघडत नाही, पडदा उजळत नाही. मोठी बॅटरी भरलेलीच आहे; बसली आहे ती १२ व्होल्टची लहान बॅटरी. असे का होते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

२. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिसे आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी घडवली. पेट्रोलची मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. या बॅटरीच्या एका सेलचा दाब सुमारे २ व्होल्ट. असे सहा सेल जोडले की १२.

३. १९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफ, पेट्रोल आणि वीज यांच्यात चुरस होती. पेट्रोलची मोटार हँडल फिरवून सुरू करावी लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. विजेच्या मोटारीत ही भीती नव्हती. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा विजेची गाडी चालवीत.

४. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडलची सक्ती संपली. त्यातच फोर्डची पेट्रोल मोटार स्वस्त होत गेली. विजेच्या मोटारीला रस्त्यावरून हटवण्यात अशा रीतीने बॅटरीचाच हातभार लागला!

५. पुढे इंजिने मोठी झाली, तसा १९५० च्या दशकात ६ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टचा प्रघात पडला. आपल्याकडील जुन्या जीप आणि अँबेसेडरना हँडलची सोय होती. तेही नसले तर धक्का! खुलताबादहून वेरूळकडे येणाऱ्या घाटाला उतार आयताच मिळे. गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन जागे होई.

६. विजेच्या गाडीत स्टार्टर नाही, तरी लहान बॅटरी राहिली. कुलूप, दिवे, संगणक तिच्यावर चालतात. मोठ्या बॅटरीचा शेकडो व्होल्टचा प्रवाह सुरक्षिततेसाठी एरवी तोडलेला असतो. तो जोडणारा स्विच १२ व्होल्टवरच मिटतो. म्हणून येथे धक्का व्यर्थ.

७. ती वारंवार का बसते? गाडी अनेक दिवस उभी राहणे, डॅशकॅमसारखी बाहेरून जोडलेली उपकरणे, वाढते वय. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता घटते. मराठवाड्यातील चाळिशी ओलांडणारा उन्हाळा तिचे आयुष्य आणखी कमी करतो.

८. उपाय साधा आहे. दार यांत्रिक किल्लीने उघडावे, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी बाहेरून १२ व्होल्ट जोडून गाडी जागी करावी. मग बॅटरी तपासून घ्यावी : भरलेली, स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नवी बसवूनही तक्रार उरली, तर गाडी बंद असताना वीज कोठे झिरपते ते शोधावे.

९. ज्या लहान बॅटरीने शंभर वर्षांपूर्वी विजेच्या गाडीची वाट अडवली, तिच्यावाचून आज तीच गाडी जागची हलत नाही. लांबच्या प्रवासाला निघताना मोठ्या बॅटरीचा आकडा आपण पाहतोच. लहानीचे वयही विचारावे.