नवजात कोकराचे दुग्धपान

नवजात कोकराचे दुग्धपान म्हणजे मेंढीच्या पिल्लाने जन्मानंतर आईच्या सडाला तोंड लावून चीक व दूध पिणे होय. बोलीभाषेत या क्रियेला लुचणे असे म्हणतात. निरोगी कोकरू जन्मल्यावर साधारणतः अर्ध्या तासात उभे राहते आणि एक ते दोन तासांत लुचू लागते. तसे न झाल्यास उपासमार आणि थंडी यांमुळे ते काही तासांतच दगावू शकते. नवजात कोकरांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत या दोहोंची गणना होते.

चिकाचे महत्त्व

व्याल्यानंतर पहिल्या दिवशी कासेत येणाऱ्या दाट, पिवळसर दुधाला चीक म्हणतात. गाई-म्हशींच्या चिकापासून महाराष्ट्रात खरवस करतात. चिकात स्निग्धांश, प्रथिने आणि रोगप्रतिकारक प्रतिपिंडे विपुल असतात. मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे कोकराला आईकडून मिळणारे रोगसंरक्षण केवळ चिकावाटेच मिळते. कोकराचे आतडे प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषून घेते, परंतु ही क्षमता पहिल्या सहा तासांनंतर झपाट्याने घटते आणि सुमारे २४ तासांत संपते.

जन्मतः कोकराच्या शरीरात उष्णता निर्माण करणाऱ्या चरबीचा अल्प साठा असतो. चीक न मिळाल्यास तो सुमारे पाच तासांत संपत येतो. वार पडल्याशिवाय पिल्लाला चीक पाजू नये, असा समज अनेक पशुपालकांत आढळतो. त्याला शास्त्रीय आधार नाही आणि अशा प्रतीक्षेत मोलाचा वेळ वाया जातो.

न लुचण्याची कारणे

कोकराकडील कारणांत लांबलेली किंवा अवघड प्रसूती, जन्मतः कमी वजन, अंग गारठणे, फाटलेला टाळू आणि सेलेनियम व ई जीवनसत्त्वाच्या अभावी आलेला स्नायूंचा दुबळेपणा यांचा समावेश होतो. गारठलेल्या कोकराची चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. न लुचल्याने ते अधिक गारठते आणि गारठल्याने लुचण्याची शक्ती आणखी कमी होते.

मेंढीकडील कारणांत सडाच्या तोंडाशी बसलेली मेणासारखी गुठळी, फार जाड किंवा जमिनीलगत लोंबणारे सड, गाभणकाळातील निकृष्ट आहारामुळे दूध न उतरणे आणि कासदाह ही प्रमुख होत. कासदाहाला पशुपालक दगडी असेही म्हणतात. प्रथमच व्यालेली मेंढी बावरून कोकराला जवळ येऊ देत नाही. जुळ्यांपैकी एकालाच आई स्वीकारते, असेही घडते.

ओळख

भुकेले कोकरू पाठीला कमान काढून, मान खाली घालून उभे राहते आणि त्याचे पोट खपाटीला गेलेले असते. पोट भरलेले कोकरू उठताच अंग ताणते. सडाशी तोंड नेणारे प्रत्येक कोकरू दूध पितेच असे नाही. त्यामुळे हाताने पोट चाचपणे आणि सड पिळून पाहणे आवश्यक असते. स्वच्छ बोट तोंडात घातल्यावर तोंड थंड लागल्यास कोकरू गारठले आहे असे समजावे. बोट न चोखल्यास चोखण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली आहे.

गुदद्वारात तापमापक ठेवून घेतलेले तापमान अधिक विश्वसनीय असते. नवजात कोकराचे सामान्य तापमान ३९ ते ४० अंश सेल्सिअस असते. ३७ ते ३९ अंश ही सौम्य, तर ३७ अंशांखालील ही गंभीर अवस्था होय.

उपाय

उपायांचा क्रम तापमानावरून ठरतो.

तापमान सामान्य असल्यास प्रथम मेंढीला कोपऱ्यात किंवा भिंतीलगत शांतपणे उभे धरतात. दोन्ही सड पिळून गुठळी काढतात आणि धार मोकळी करतात. त्यानंतर कोकराला कासेजवळ नेऊन सड तोंडात देतात व जिभेवर चिकाचे काही थेंब पिळतात. शेपटीच्या बुडाशी हळूच चोळल्याने कोकरू चोखू लागते, कारण लुचताना आईही त्याच जागी हुंगते व चाटते. डोके जबरदस्तीने दाबल्यास कोकरू उलट मागे रेटते.

सौम्य गारठ्यात कोकराला कोरड्या कापडाने पुसून, वाऱ्यापासून आडोसा देऊन चीक पाजतात व ऊब देतात. कोकरू पाच तासांहून अधिक वयाचे आणि ३७ अंशांखाली गेलेले असल्यास त्याच्या रक्तातील साखर घटलेली असते. अशा वेळी आधी ऊब दिल्यास झटके येऊन ते मरू शकते. म्हणून पशुवैद्यकाकडून आधी ग्लुकोजचे इंजेक्शन देऊन मगच ऊब देतात. बेशुद्ध किंवा मान न धरणाऱ्या कोकराला तोंडाने काहीही पाजू नये, कारण दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

शुद्धीवर असलेल्या, परंतु न चोखणाऱ्या कोकराला मऊ नळीने थेट पोटात चीक देता येतो. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंतचे अंतर मोजून नळीवर खूण करतात. नळी तोंडाच्या बाजूने हळूहळू, कोकरू गिळेल तशी आत सरकवतात. खोकला आल्यास ती लगेच बाहेर काढतात. चीक दाबाने न ढकलता आपोआप उतरू देतात. ही कृती जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकूनच करावी.

चिकाचे प्रमाण एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर आणि पहिल्या २४ तासांत दर किलोमागे सुमारे २०० मिलिलिटर असते. त्यानुसार तीन किलोच्या कोकराला एका वेळी १५० मिलिलिटर आणि दिवसभरात सुमारे ६०० मिलिलिटर चीक लागतो. चीक कोकराच्या अंगाइतका कोमट असावा. उकळल्यास त्यातील प्रतिपिंडे नष्ट होतात. आईचा चीक न मिळाल्यास दुसऱ्या नुकत्याच व्यालेल्या मेंढीचा, तोही नसल्यास शेळीचा किंवा गाईचा चीक वापरतात. गाईच्या चिकाने काही कोकरांत क्वचित रक्तक्षय होतो.

मायलेकरांचे नाते

मेंढी आपले कोकरू मुख्यतः वासावरून ओळखते आणि ही ओळख व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पक्की होते. म्हणून उपचारासाठी कोकराला आवश्यक तेवढाच वेळ दूर ठेवतात व शक्य तितक्या लवकर आईजवळ परत सोडतात. पोरके कोकरू दुसऱ्या मेंढीला लावताना तिच्या गर्भजलाने त्याचे अंग माखतात. मेंढी आणि कोकरू यांना एक-दोन दिवस लहान कुंपणात एकत्र ठेवल्यानेही स्वीकार सुलभ होतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

दख्खनच्या पठारावर, जालना जिल्ह्यासह मराठवाड्यातही, दख्खनी जातीच्या मेंढ्या पाळल्या जातात. ही मेंढी सहसा एका वेताला एकच कोकरू देते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालमधील गारोल मेंढीतील बुरूला जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जुळी देणारी मेंढी विकसित केली. जुळ्यांमुळे उत्पन्न वाढते, परंतु जन्मतः वजन कमी असल्याने आणि चीक दोघांत विभागला जात असल्याने व्याल्यानंतर अधिक देखरेख लागते.

धनगर समाजातील भटके मेंढपाळ वर्षातील बराच काळ कळपासह प्रवासात असतात. वाटेत जन्मलेली कोकरे अनेकदा घोड्यावरून नेली जातात. हिवाळ्यात उघड्या रानावरील मुक्कामात थंडी व वारा यांचा धोका वाढतो. कळपातील शेळ्यांचे दूध अशा वेळी पोरक्या कोकरांच्या उपयोगी पडते. मेंढीपालनाविषयीचे मार्गदर्शन राज्याचा पशुसंवर्धन विभाग, पुणे येथील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्यामार्फत दिले जाते. जालना शहराजवळ खरपुडी येथे असे कृषी विज्ञान केंद्र आहे.