शिवराई आणि बट्टा

आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध मातेने मध्यंतरी जुन्या पेटीतून तांब्याचे एक नाणे काढून आमच्या तळहातावर ठेवले. झिजलेल्या अक्षरांतून ‘श्री राजा शिव’ एवढे वाचता आले. मागील बाजूस ‘छत्रपति’ असे होते. ती शिवराई होती. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडण्यात आली. होन दुर्मिळ झाला. शिवराई मात्र एकोणिसाव्या शतकातही बाजारात फिरत होती.

नाण्यावरील नाव हा राज्याचा अभिमान, हे खरे. परंतु नाण्यांच्या बहुविधतेची किंमत कोण मोजीत होते? पेशवाईत ठिकठिकाणी टांकसाळी चालत. चांदीच्या बहुतेक रुपयांवर मोगल बादशहाचेच नाव असे; तरी त्यांचे वजन व कस सारखे नसत. म्हणून सराफ नाणे वाजवून, कसोटीवर घासून पाही आणि परमुलखाच्या नाण्यावर बट्टा कापून घेई. सावकारास त्यातला हिशेब कळे. कष्टकऱ्यास केवळ तूट कळे. यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग का उलथले गेले, हे अशा वेळी अधिक उमगते. तेथेही दूरच्या यात्रेकरूस मंदिराचा कर भरण्यासाठी नाणे बदलून घ्यावे लागे आणि त्यावर वटाव द्यावा लागे. आपण आजही ‘नावाला बट्टा लागला’ असे म्हणतो, त्या शब्दात ती जुनी तूट जिवंत आहे.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, १६ आण्यांचा एकच रुपया ठरविला. त्यामागे भूतदया नव्हती, व्यापार व महसुलाची सोय होती. तरीही भिन्नता लगेच सरली नाही. निजामाच्या अमलाखालील मराठवाड्यात हाली सिक्का चाले. आमच्या शेजारच्या गोव्यात १९५८ साली रुपियाच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियास सहा या दराने. १९६१ च्या मुक्तीनंतर तेथे भारतीय रुपया रूढ झाला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५७ पासून सर्वांच्याच रुपयाचे शंभर नवे पैसे झाले.

शिवराई आम्ही त्या मातेच्या हाती परत दिली. ती जपावी, नातवंडांना दाखवावी. मात्र ती चालत होती त्या काळी बट्टा कोणाच्या पदरी पडे, हेही त्यांना सांगावे.