पांढरी म्हणजे शुद्ध?

आमच्या लहानपणी पाहुण्यांना साखरेचा चहा आणि घरच्यांना गुळाचा! पांढरी ती शुद्ध, असाच समज.

इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला, तेच वालचंदनगर. पुढे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरचे सहकारी कारखाने आले. नेहमीची साखर पांढरी होते ती गंधकाच्या धुराने. गंधक जाळून निघालेला सल्फर डायऑक्साइड चुना घातलेल्या रसात सोडतात आणि सामू ७ च्या आसपास आणतात. वायू कमी पडला तर साखर मळकट. जास्त झाला तर रस आम्लधर्मी होऊन साखरेचीच नासाडी. म्हणून सतत मोजमाप.

तयार साखरेत हा वायू किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या वर नको, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे शुभ्रपणामागेही काहीतरी उरतेच. पाहुण्यांच्या कपात आम्ही नेमके काय घालत होतो, ते आता कळते.