दात नसलेलं पातं

ऑसिलेटिंग मल्टी-टूल तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलं असेल. हातात मावणारं, लहान ग्राइंडरसारखं दिसणारं यंत्र. पण त्याचं पातं गरगर फिरत नाही. ते जागच्या जागी डावी-उजवीकडे थरथरतं, जेमतेम दोन-तीन अंशांत, पण मिनिटाला दहा-वीस हजार वेळा. डब्यात पाती भरपूर येतात आणि त्यांतली बहुतेक दातेरी असतात, लाकूड नाहीतर पत्रा कापायला. यातलंच एखादं गादीच्या फोमला किंवा चपलेच्या रबराला लावून बघा. आवाज सगळा येतो, काप मात्र धड जात नाही. फोम पात्याबरोबर हलत राहतो, कडेचे लचके निघतात आणि रबर तापून चिकट होतं.

लाकूड आपल्या जागी घट्ट उभं असतं, म्हणून दाता त्याला ओरबाडू शकतो. मऊ वस्तू पात्यासोबत झुलते. दाता तिच्यावरून पुढे सरकतच नाही, मग कापणार कसा?

गंमत म्हणजे हे यंत्र याच उणिवेतून जन्माला आलं. १८५१ च्या सुमारास आंतोनियस माथाइसन या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टर चोळलेल्या बँडेजची पद्धत काढली. मोडलेलं हाड त्यात छान जुळायचं, पण ते दगडासारखं प्लास्टर उतरवायचं कसं, हा प्रश्न पुढची नव्वद-एक वर्षं कात्र्या आणि करवतींवर भागत होता. अमेरिकेतल्या कलामाझू गावचे अस्थितज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांनी थरथरत्या पात्याची करवत बनवली आणि १९४७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. प्लास्टर कडक, म्हणून ते कापलं जातं. खालची कातडी मऊ, ती पात्यासोबत हलते आणि सहसा वाचते. ज्यांचा हात कधी प्लास्टरमध्ये होता त्यांना तो आवाज आठवत असेल. १९६७ मध्ये जर्मनीच्या फाइन कंपनीनेही अशी प्लास्टर-करवत काढली आणि आजच्या मल्टी-टूलचं घराणं तिथून पुढे आलं.

म्हणजे मऊ वस्तू न कापणं हाच या यंत्राचा मूळ गुण. तरीही त्याच्याकडून मऊ काम करून घ्यायचं असेल तर दाते काढून टाकावे लागतात. मोटारीची पुढची काच रबरासारख्या चिकट पट्टीने बसवलेली असते. ती सोडवायला याच थरथरणाऱ्या यंत्राला सुरीसारखी वाकडी पाती लावतात. रबर, चामडं, गालिचा, पुठ्ठा यांच्यासाठी लाटेसारखी नागमोडी धार असलेलं पातं येतं. बाथरूमच्या फटीतलं सिलिकॉन काढायला बिनधारेचं खरवडणारं पातं पुरतं. वेग कमी ठेवायचा, माल खालून पाटीवर दाबून धरायचा. बाकी जाहिरातीतल्या शंभर पात्यांच्या सेटकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

मी हिंगणघाटचा. मऊ वस्तू, झुलतं पातं, दाते हवेत की नकोत, हा प्रश्न आमच्या गावाने विजेच्या आधी सोडवून ठेवला होता. तिथली मऊ वस्तू होती कापूस.

कापसाच्या बोंडातून सरकी वेगळी केल्याशिवाय रुई मिळत नाही. हे काम घरोघरी चरकीवर व्हायचं. दोन लाटणी एकमेकींवर उलट फिरतात, रुई पलीकडे ओढली जाते, सरकी अलीकडे गळते. काम सावकाश, पण तंतूला धक्का नाही. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ मध्ये दुसरा रस्ता धरला. फिरत्या रुळावरचे तारेचे दाते जाळीतून आत जातात, रुई दातात धरून उपसून काढतात. तारांच्या जागी दातेरी चकत्या आल्या, तो सॉ-जिन. वेग अफाट. या वेगाने अमेरिकेत कापसाचं क्षेत्र पसरलं आणि त्याच्यासोबत गुलामगिरीही, हे विसरून त्या यंत्राचं कौतुक करता येत नाही.

मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानातूनही असाच साफ, भरपूर कापूस हवा होता. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतले मळेवाले सॉ-जिनांसह इकडे आणले. आपल्या देशी कापसाचा तंतू आखूड आणि सरकीला घट्ट धरून बसलेला. दात्यांनी तो ओढला की तुटायचा. यावर धारवाडला उपाय निघाला: जिन बदलायचा नाही, कापूस बदलायचा. तिथे अमेरिकी वाण लावलं गेलं आणि सॉ-जिन चालले. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. पातं आधी ठरलं आणि शेत त्याच्या मापाने बेतलं गेलं.

वर्ध्याकडे उलटं झालं. त्याच १८४० साली अलाबामातल्या फोन्स मॅकार्थीने आणखी एका जिनचं पेटंट घेतलं. त्यात दाते नाहीतच. चामड्याचा एक रोल फिरतो. (अमेरिकेत त्यासाठी वॉलरसचं कातडं नावाजलेलं होतं.) रोलला एक स्थिर पातं टेकवलेलं असतं. चामडं खरखरीत, रुई त्याला चिकटते आणि रोल व पातं यांच्यामधून ओढली जाते. सरकी जाड, ती पात्याच्या कडेला अडते. तेवढ्यात दुसरं पातं खाली-वर झुलत येतं आणि तिला ढकलून देतं. आजच्या डबल रोलर जिनमध्ये हे झुलणं मिनिटाला हजाराच्या आसपास असतं. पातं हलतं, पण कापत काहीच नाही. त्याची कड धारदार असती तर सरकी फुटली असती आणि टरफलाचे कण रुईत गेले असते.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. १८६२ मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर नेमले गेले, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. हिंगणघाटचं नाव तर बाजारात कापसाची जात म्हणूनच चालायचं. इथल्या बनी जातीचा तंतू देशी कापसात नामांकित होता. त्याला सॉ-जिनच्या दातांत देण्यापेक्षा मॅकार्थीचा जिनच बरा ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात वाफेवर चालणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले, ते याच बिनदाती पात्याचे.

रुईची इतकी काळजी घेणाऱ्या या व्यवस्थेत माणसांची काळजी मात्र फार उशिरा आली. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा जास्त कामगारांच्या आणि वर्षातले चार महिने तरी चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. जिन म्हणजे हंगामी धंदा, त्यामुळे कितीतरी जिन त्याच्या बाहेरच राहिले. बायकांच्या तासांवर मर्यादा आली ती १८९१ मध्ये, तीही दिवसाला अकरा तासांची. आणि जिनात कापूस टाकायला असायच्या बायकाच. माझी आजी हंगामात जिनात जायची. ओंजळीने कापूस सोडत राहायचा, फार टाकला की यंत्र तुंबतं, कमी टाकला की मुकादम ओरडतो. ती घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांवर, पापण्यांवर पांढरं असायचं. आम्ही पोरं हसायचो. तिला मात्र उन्हाळा लागला तरी खोकला जात नसे.

बनीचं पुढे काय झालं? पात्याने तिला वाचवलं, तराजूने नाही. बनीतून सरकी जास्त आणि रुई कमी निघायची. जाड्याभरड्या जातींत शंभर किलोमागे रुईचा उतारा बराच चांगला. व्यापारी वजनावर पैसे मोजत होता, तंतूच्या लांबीचा जादा भाव शेतकऱ्याच्या हातात क्वचित पडायचा. मग त्याने काय पेरावं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाड कापसाने बनीला मागे सारलं. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. हिशेब त्याचाच बरोबर होता.

याच जिल्ह्यात एक तिसरं उत्तरही दिलं गेलं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमची कल्पना मांडली गेली. सूतकताईच्या शिक्षणात मुलं सरकी काढायची ती सळई आणि पाटीवर. लाकडी पाटीवर बोंडातला कापूस ठेवायचा, त्यावरून लोखंडी सळई हाताने लाटायची, सरकी पुढे निसटते. पातंच नाही, मग दात्याचा प्रश्न कुठे. एका वर्गाला आठवडाभराचं सूत पुरेल इतकी रुई यातून निघते. एका जिल्ह्याचा कापूस त्यातून जाऊ शकत नव्हता, हेही खरं.

जिन मात्र चालू राहिले. चामड्याचे रोल क्रोमने कमावलेले असतात. झिजताना त्यांची भुकटी हवेत आणि रुईत मिसळते, आणि क्रोमियम फुफ्फुसाला घातक. त्यावर कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबराचे रोल तयार केले. नागपूरला तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींत रोलवर पात्याचा दाब किती आणि दोन पात्यांमधली जागा किती ठेवायची, हे मोठं प्रकरण आहे. दाब जास्त झाला तर रोल तापतो आणि रुईचा रंग उतरतो. कमी झाला तर सरकीवर रुई राहून जाते.

आज हिंगणघाटच्या बाजारात येणारा जवळजवळ सगळा कापूस अमेरिकी कुळातला संकरित बीटी आहे, धारवाडच्या मळेवाल्यांना हवा होता त्याच जातीचा. अमेरिकेत तो सॉ-जिनमध्ये जातो. आमच्याकडे अजून हाताने वेचला जातो, ट्रॅक्टरने जिनात येतो आणि मॅकार्थीच्या त्या झुलत्या, बोथट पात्याखालून निघतो. दिवाळीनंतर बाजार समितीच्या रस्त्याला उभं राहिलात तर त्याचा खडखडाट ऐकू येईल. रस्त्याकडेच्या बाभळींवर तेव्हा रुईचे पुंजके अडकलेले असतात.