हेलसिंकीचे पदक आणि राजाराम महाविद्यालय

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत गुणवंतांच्या सत्काराला मानाचे स्थान असते. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि अध्यक्षांचे चार शब्द झाले की समारंभ पार पडतो. सत्कारमूर्तीला घडविणाऱ्यांचा उल्लेख झालाच तर तो ‘आईवडील व गुरुजन’ एवढ्यावर आटोपतो. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकासाठी इतिहासातील एखादे पान निवडावे असे ठरले, तेव्हा आम्ही मुद्दाम खाशाबा जाधवांच्या पदकाची हकीकत निवडली. पदक सर्वांस ठाऊक आहे. ते ज्या महाविद्यालयाच्या आणि ज्या माणसांच्या आधारावर मिळाले त्यांची आठवण मात्र विरळ होत चालली आहे.

कोल्हापूर संस्थानातील राजाराम हायस्कुलास १८८० साली महाविद्यालयाचे रूप आले. ज्या राजाराम महाराजांचे नाव त्यास मिळाले, ते विलायतेच्या प्रवासाहून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्स येथे, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी निवर्तले होते. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांपुढे हे महाविद्यालय आकाराने लहान. परंतु माधव जूलियन व ना. सी. फडके यांच्यासारखे अध्यापक त्यास लाभले आणि विद्येच्या क्षेत्रात त्याचा दबदबा राहिला. मल्लविद्येचे नाव निघाले की मात्र लोकांच्या डोळ्यांपुढे महाविद्यालय येत नसे. येत ती मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमी आणि शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान. लाल मातीचा आखाडा एका बाजूस आणि इंग्रजी शिक्षण दुसऱ्या बाजूस, अशीच सर्वसाधारण समजूत होती. ती खोटी ठरविणारा विद्यार्थी कऱ्हाडाजवळच्या गोळेश्वर गावातून आला.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः मल्ल, घरी शेती, आणि पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण चालू असताना बेचाळीसच्या चळवळीतील भूमिगतांना आसरा देण्याच्या कामीही त्यांचा हात लागला. पुढे ते राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगकाठी किरकोळ, उंची बेताची. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव नोंदविण्यास ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या देहाकडे पाहून नाव घेण्यास नकार दिला. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी नाव घेण्याची आज्ञा केली, आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना त्या स्पर्धेत चीत केले.

हा प्रसंग दिसावयास लहान आहे. पण आम्हांस त्याचे मोल फार वाटते. क्रीडाशिक्षकांचा नकार दुष्टपणाचा नव्हता. नजरेला जे दिसले त्यावरून त्यांनी निर्णय दिला, इतकेच. प्राचार्यांनी मुलाला लढू देऊन मग ठरवावे असे म्हटले. शिक्षणसंस्थेच्या कारभारात एवढा मोकळेपणा सहसा आढळत नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. तेथे जाण्याच्या खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीवर वाढलेल्या मल्लाला गादीवर उतरावे लागले, आणि हा फरक केवळ पायाखालचा नव्हता. आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती निकाली. तिकडे घड्याळ, गुण आणि पंच यांच्या हिशेबाने लढत चाले. गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम खाशाबांना समजावून देण्याचे काम रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने केले. त्या शिकवणीच्या बळावर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या हॅरिसला व अमेरिकेच्या जर्निगनला हरविले, इराणच्या रईसीकडून हार खाल्ली, आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर त्यांनी वजनाचा गट वाढविला आणि गोविंद पुरंदरे यांच्या मार्गदर्शनाखाली मेहनत चालू ठेवली. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला बगलेत विळखा घालून त्याला असा काही फिरवून आपटावयाचा की त्याला सावरण्यास उसंतच मिळू नये. हा डाव मातीतला, पण त्यांनी तो गादीच्या नियमांत बसविला.

१९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी परिस्थिती निराळी होती. संस्थाने विलीन झाली होती आणि दरबारी आश्रयाची दारे मिटली होती. राष्ट्रीय स्पर्धेत अवघ्या एका गुणाने डावलले गेल्यावर खाशाबांनी कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, आणि पुन्हा घेण्यात आलेल्या चाचणीत प्रतिस्पर्ध्याला काही क्षणांतच चीत करून आपली जागा मिळविली. आता प्रश्न उरला पैशाचा. सरकारकडे खेपा घालूनही पुरेशी रक्कम हाती येईना. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली, दुकानदारांनी आपापल्या परीने हातभार लावला. तरी मोठी तूट होतीच. ती भरून काढण्यासाठी खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले.

सात हजार ही त्या काळी एका अध्यापकाच्या दृष्टीने किती रक्कम होती, हे ज्यांनी त्या पिढीतील घरखर्चाच्या वह्या पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको. शिवाय कुस्तीत यशाची हमी कोण देणार? पहिल्याच फेरीत हार झाली असती तर घर गहाणच राहिले असते. पदक मिळाल्यावर हार घालणारे पुष्कळ भेटतात. पदकाची कसलीही खात्री नसताना घर पणास लावणारा हा एकच. वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयास आज खर्डेकरांचे नाव आहे. परंतु खेळाच्या इतिहासात हे नाव एखाद्या ओळीपलीकडे जात नाही, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविले. जपानच्या इशीबरोबरची लढत लांबली आणि गेली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवविरुद्ध उभे करण्यात आले. नियमाने मिळावयाच्या विसाव्यासाठी भांडावयास भारतीय पथकाचा अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. ती कुस्तीही हातची गेली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तारीख २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि देशाच्या आनंदाचा मोठा वाटा साहजिकच तिकडे गेला. त्याच पथकातील केशवराव माणगावे हे कोल्हापूरचे दुसरे मल्ल वरच्या गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले, आणि त्यामुळे त्यांचे नावही बहुतेकांच्या स्मरणातून गेले.

कऱ्हाडने मात्र आपला हिशेब चोख ठेवला. स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पायी थोड्या वेळात संपणाऱ्या त्या वाटेला कित्येक तास लागले. त्यानंतर खाशाबांनी काय केले, हे आम्हांस मिरवणुकीहूनही अधिक सांगण्याजोगे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, त्यात ते स्वतः उतरले आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडविले.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. सहायक पोलीस आयुक्त होऊन ते निवृत्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या मशालयात्रेत त्यांना धावण्याचा मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या प्रेक्षागृहास त्यांचे नाव देण्यात आले ते २०१० मध्ये. राजधानीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलांना घेऊन ती पाटी एकदा तरी पाहावी. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून ठरला तो त्याहूनही उशिरा, २०२३ मध्ये. राज्याच्या व देशाच्या दरबारातले सन्मान असे एकामागून एक येत गेले, पण बहुतेक त्यांच्या पश्चात.

खाशाबांनंतर भारताच्या दुसऱ्या वैयक्तिक पदकास ४४ वर्षे लागली. ते १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळविले. महाराष्ट्राला तर ७२ वर्षे थांबावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे हा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, म्हणजे पुन्हा कोल्हापूर जिल्ह्याचाच. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या नेमबाज. लहान वयात तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि पुढे मध्य रेल्वेत नोकरीस लागला. पदक मिळाल्यानंतर वर्तमानपत्रांनी त्याच्या बातमीशेजारी खाशाबांचे छायाचित्र छापले.